दहा आठवड्यांचे संशोधन : पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमांची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील पशुवैद्यकीय शिक्षणात गेल्या साडेतीन दशकांत एक प्रथा चांगलीच रुजली आहे. मे महिन्यात परीक्षा आटोपल्या, की पहिल्या व दुसऱ्या वर्षाचे काही निवडक विद्यार्थी सुटीवर न जाता एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दाखल होतात, दहा ते बारा आठवडे विद्यावेतनावर काम करतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी एका राष्ट्रीय परिसंवादात आपले काम भित्तिपत्रकाच्या रूपाने मांडतात. या कार्यक्रमांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोनच प्रकारचे असते. एक, आयोजक संस्थांची माहितीपत्रके; आणि दोन, सहभागी विद्यार्थ्यांची कृतज्ञ मनोगते. दोहोंतही कार्यक्रमाच्या उपयुक्ततेविषयी शंकेला जागा नसते. ज्या उपक्रमाचे घोषित उद्दिष्टच विद्यार्थ्याला शंका घ्यावयास शिकविणे हे आहे, त्याच्याविषयीचे लेखन इतके निःशंक असावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने हा विषय दूरचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या स्तरावर क्षेत्रप्रकल्प, कार्यांतर्गत प्रशिक्षण आणि चौथ्या वर्षी संशोधन यांना अधिकृत स्थान मिळाले आहे. थोड्या आठवड्यांत पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन कसे शिकवावे, हा प्रश्न आता प्रत्येक विद्याशाखेपुढे उभा आहे. ज्या ठिकाणी तो दीर्घकाळ हाताळला गेला, तेथे काय साधले आणि काय हुकले याची तपासणी म्हणूनच उपयोगाची ठरावी.

कार्यक्रमांचे स्वरूप

अमेरिकेत पशुवैद्यकाची पदवी ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी असून विद्यार्थी महाविद्यालयीन शिक्षण घेऊन तिच्याकडे येतो. पहिली तीन वर्षे प्रामुख्याने वर्गात व प्रयोगशाळेत जातात. शेवटचे वर्ष रुग्णालयातील फेऱ्यांचे असते आणि त्यात उन्हाळ्याची सुटी जवळजवळ उरत नाही. म्हणजे संशोधनासाठी मोकळे असे दोनच उन्हाळे विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. कार्यक्रमाची सारी रचना या दोन उन्हाळ्यांभोवती झालेली आहे.

खर्चाचा भार निरनिराळे घटक उचलतात. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अल्पकालीन प्रशिक्षण अनुदाने महाविद्यालयांना मिळतात. मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्था आपल्या शिष्यवृत्त्या देतात. आणि १९८९ पासून चालत आलेला सर्वांत मोठा कार्यक्रम औषधनिर्मिती उद्योगाच्या साहाय्याने उभा आहे. तो दीर्घकाळ मेरियल या कंपनीच्या नावाने ओळखला जाई. २०१७ मध्ये मेरियल ही बोरिंगर इंगेलहाइम या कंपनीत विलीन झाल्यावर त्याला तिचे नाव मिळाले. उद्योगाचा पैसा आला की विषयही उद्योगाचेच येतात, असा आक्षेप अशा वेळी सहज घेतला जातो. येथे तो फारसा टिकत नाही. विषय महाविद्यालयातील मार्गदर्शक ठरवितो, आणि कर्करोगाच्या पेशींपासून रानटी पक्ष्यांतील परजीवींपर्यंत त्यांचा पट विस्तृत असतो. कार्यक्रमाच्या मर्यादा शोधावयाच्या तर त्या देणगीदाराच्या नावात शोधून उपयोग नाही. त्या त्याच्या वेळापत्रकात आहेत.

कॉर्नेल विद्यापीठाचा १९९० च्या दशकापासून चालू असलेला पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीचा नेतृत्व कार्यक्रम या सर्वांत थोडा वेगळा आहे. तोही दहा आठवड्यांचाच. परंतु त्यात परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश असतो आणि प्रयोगशाळेतील कामाच्या जोडीने चर्चासत्रांना व व्यवसायाच्या निवडीविषयीच्या विचारविनिमयाला मुद्दाम जागा दिलेली असते. दहा आठवड्यांत संशोधन पुरे होणार नाही, संशोधकाचे आयुष्य कसे असते याची ओळख तेवढी होईल, ही प्रांजळ जाणीव त्या रचनेमागे दिसते. इतर कार्यक्रमांत ही जाणीव अभावानेच आढळते.

'पाइपलाइन' नावाचे रूपक

हे कार्यक्रम कशासाठी, याचे उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालांतून मिळते. जैववैद्यकीय संशोधनात पशुवैद्यकांची गरज किती आणि कोठे आहे याचा विचार करणारा एक अहवाल २००४ मध्ये, पशुवैद्यकीय संशोधनाच्या निकडीच्या गरजांविषयीचा दुसरा २००५ मध्ये, आणि एकूण पशुवैद्यकीय मनुष्यबळाविषयीचा तिसरा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्हींच्या मुळाशी एकच चिंता आहे : पशुवैद्यकाची पदवी घेणारे बहुसंख्य तरुण खाजगी व्यवसायाकडे, त्यातही कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांकडे वळतात, संशोधन, सार्वजनिक आरोग्य आणि अन्नसुरक्षा या क्षेत्रांकडे पुरेसे येत नाहीत. विद्यार्थ्याला लवकर प्रयोगशाळा दाखविली तर त्यांपैकी काही तेथे टिकतील, अशी अपेक्षा त्यातून निर्माण झाली.

या विषयावरील चर्चेत 'पाइपलाइन' हा शब्द वारंवार येतो. एका टोकाने विद्यार्थी आत घ्यावयाचे, दुसऱ्या टोकाने संशोधक बाहेर काढावयाचे. मध्ये गळती होत असेल तर ती बुजवावयाची. रूपक सोयीचे आहे, पण फसवे आहे. नळातून वाहणाऱ्या पाण्याला कर्ज नसते. आज अमेरिकेत कर्ज काढून पशुवैद्यक झालेल्या पदवीधराच्या डोक्यावर सरासरीने दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम असते. संशोधनाकडे वळावयाचे तर पुढे पीएच.डी.ची, अथवा विशेषज्ञतेच्या प्रशिक्षणाची आणखी काही वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढावी लागतात. २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पदवीपूर्व प्रशिक्षणार्थीचे वार्षिक विद्यावेतन २८,२२४ डॉलर होते. तीन महिन्यांच्या उन्हाळ्याचा हिशोब सुमारे सात हजार डॉलर होतो. संशोधन करणाऱ्यांचे कर्ज फेडण्यास साहाय्य करणारी योजना त्या संस्थेकडे आहे. मात्र तिचा लाभ संशोधनात स्थिरावू पाहणाऱ्यास मिळतो, स्थिरावावे की नाही या विचारात असणाऱ्यास नव्हे. विद्यार्थी संशोधनाकडे वळेल किंवा न वळेल याचा निर्णय अशा हिशोबांवर अवलंबून असताना, त्याचे श्रेय अथवा अपश्रेय दहा आठवड्यांच्या उन्हाळ्याला देणे न्याय्य म्हणता येणार नाही.

तरीही कार्यक्रमाचे यश याच मापाने मोजले जाते. पूर्वी सहभागी झालेल्यांपैकी किती जण पुढे संशोधनात गेले, किती जणांनी पीएच.डी. केली, किती जणांना कार्यक्रमामुळे संशोधनाविषयी आस्था वाटू लागली, अशी विचारणा केली जाते आणि उत्तरे साहजिकच उत्साहवर्धक येतात. उन्हाळ्याची सुटी सोडून प्रयोगशाळेत येण्यासाठी अर्ज करणारा विद्यार्थी हा मुळातच त्या दिशेने तोंड करून उभा असतो. त्याची तुलना अर्ज न करणाऱ्याशी करून काही सिद्ध होत नाही. अर्ज करूनही निवड न झालेल्यांशी केली तर कदाचित काही हाती लागेल. पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षणार्थीला नियंत्रण गटाचे महत्त्व समजावून सांगणारा कार्यक्रम स्वतःचे मूल्यमापन करताना नियंत्रण गटाविना भागवितो, यातील विसंगती कोणाच्या लक्षात आली नसेल असे नाही.

प्रश्न कोणाचा?

दहा आठवडे म्हणजे पन्नास कामाचे दिवस. त्यांतील पहिला आठवडा बहुधा सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात, प्राणिगृहाच्या नियमांत आणि ओळखपत्रांत जातो. दुसरा व तिसरा तंत्र शिकण्यात. डीएनएची साखळी-अभिक्रिया असो की प्रतिपिंडांची चाचणी, नवख्या हाताने केलेले पहिले काही प्रयत्न वाया जाणार हे गृहीतच असते. शेवटचा आठवडा आकडेमोड व सादरीकरण यांचा. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी पाच-सहा आठवडे उरले तर विद्यार्थी भाग्यवान म्हणावयाचा.

याहून महत्त्वाची मर्यादा दुसरीच आहे. जिवंत प्राण्यांवर काही करावयाचे असेल, तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची पूर्वसंमती लागते. १९८५ च्या कायदा-दुरुस्तीपासून अमेरिकेत अशी समिती बंधनकारक आहे. समितीपुढे प्रस्ताव जाणे, तिने शंका काढणे, दुरुस्त्या होणे याला आठवडे लागतात. साहजिकच विद्यार्थी येण्यापूर्वीच संमती मिळालेल्या प्रकल्पात त्याला सामावून घेतले जाते. व्यवस्था योग्यच आहे. प्राण्यांच्या हिताशी तडजोड करून कोणी संशोधन शिकावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिचा एक परिणाम असा, की प्रश्न विद्यार्थ्याने विचारलेला नसतो. गृहीतक त्याच्या हाती तयार येते, नमुना किती घ्यावयाचा तेही ठरलेले असते, आणि हा प्रश्न का निवडला, दुसरे कोणते प्रश्न बाजूला सारले गेले, ही हकिगत मार्गदर्शकाच्या डोक्यात राहून जाते. संशोधनातील सर्वांत कठीण आणि सर्वांत शिकण्याजोगा भाग विद्यार्थी येण्याच्या आधीच आटोपलेला असतो.

काही मार्गदर्शक यावर साधा उपाय करतात. रुग्णालयातील जुन्या नोंदी किंवा आधीच गोठवून ठेवलेले नमुने विद्यार्थ्याच्या स्वाधीन करून त्यांतून स्वतःचा प्रश्न काढावयास सांगतात. असे काम वरवर दुय्यम वाटते. चकचकीत उपकरणे त्यात नसतात. पण 'वजन' या रकान्यात निम्म्या रुग्णांचे वजन का नाही, आणि ज्यांचे आहे ते मोजलेले की अंदाजे लिहिलेले, हे ज्याने एकदा शोधून पाहिले आहे, तो विद्यार्थी पुढे कोणत्याही शोधनिबंधातील तक्ता वेगळ्या नजरेने वाचतो.

सारांश आणि भित्तिपत्रक

कार्यक्रमाचा खरा कस लागतो तो त्याच्या समारोपात. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी निरनिराळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी राष्ट्रीय परिसंवादासाठी एकत्र येतात. अमेरिकेत मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय महाविद्यालयांची संख्या आज तीसहून अधिक आहे, तेव्हा भित्तिपत्रकांची संख्या केवढी होत असेल याची कल्पना करता येते. प्रत्येकासमोर एक विद्यार्थी उभा, दोन-तीन मिनिटांत आपले काम समजावून सांगत. हा मेळावा उत्साहाचा असतो आणि त्याचा एक लाभ निर्विवाद आहे : आपल्या महाविद्यालयात एकट्या पडलेल्या जिज्ञासू विद्यार्थ्याला आपल्यासारखे आणखी शेकडो आहेत हे कळते.

मात्र भित्तिपत्रकाच्या आधी सारांश पाठवावा लागतो, आणि सारांशाची मुदत परिसंवादाच्या काही आठवडे आधीच संपते. जून महिन्यात काम सुरू केलेल्या विद्यार्थ्याला, हाती फारसे काही आलेले नसताना, पार्श्वभूमी, गृहीतक, पद्धती, फलित आणि निष्कर्ष असा पाच खणांचा मजकूर लिहावयास बसावे लागते. पहिले तीन खण भरता येतात. चौथ्यात काय लिहावे? येथे भाषेची एक विशिष्ट कसरत सुरू होते. 'अपेक्षित आहे', 'सूचित होते', 'प्राथमिक निरीक्षणांवरून दिसते' असे शब्दप्रयोग विद्यार्थी मार्गदर्शकाकडून उचलतो. वाक्यांत असत्य नसते. पण निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर हा क्रम त्याच्या हाताला लागतो. आणि विद्यार्थ्याने लिहिलेला हा पहिलाच शास्त्रीय मजकूर असतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पहिल्या मजकुराची सवय हाडात मुरते.

भित्तिपत्रकाला स्वतःचेही एक शास्त्र आहे. लांबून दिसेल असा मथळा, दोन-तीन रंगीत आलेख, एक वाक्याचा निष्कर्ष. 'चाचणी चार वेळा बसली नाही. पाचव्या वेळी बसली, पण तोवर नमुने संपले होते' या वाक्याला त्यावर जागा नाही. वास्तविक दहा आठवड्यांतील प्रामाणिक फलित पुष्कळदा याच स्वरूपाचे असावयास हवे. ज्याला काही आढळले नाही त्याने काय आढळले नाही ते सांगावे, आणि चाचणीची संवेदनशीलता कमी असल्यामुळे ते आढळले नसावे काय याचीही चर्चा करावी, असे संशोधनाच्या नीतीला धरून कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात नकारात्मक फलितासमोर उभा राहिलेला विद्यार्थी दिलगिरीच्या स्वरात बोलतो. त्याला दिलगीर व्हावयास कोणी शिकविले नसते. समारंभाची रचनाच ते शिकविते.

मार्गदर्शकांच्या बाजूनेही येथे काही म्हणण्यासारखे आहे. समारोप नसेल, तर काम रेंगाळते. सांगण्याच्या निमित्तानेच विद्यार्थी आपल्या कामाकडे अंतरावरून पाहावयास शिकतो. अपरिचित श्रोत्याने विचारलेला एखादा साधा प्रश्न दहा आठवड्यांत कोणाच्या लक्षात न आलेली त्रुटी उघड करतो. हे सारे खरे आहे. आक्षेप सांगण्याला नाही. पूर्णतेचा आव आणून सांगण्याला आहे.

चार उन्हाळ्यांची गोष्ट

पशुवैद्यकीय संशोधनाच्या इतिहासातील एक नामांकित उन्हाळी प्रयोग या संदर्भात आठवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातून उत्तरेकडे गुरे आणली, की ती स्वतः धडधाकट राहत, पण त्यांच्या वाटेवर चरलेली उत्तरेकडील गुरे तांबडी लघवी होऊन मरत. या 'टेक्सास ज्वरा'मागे गोचिडी असाव्यात असे गुराख्यांचे म्हणणे होते. विद्वानांनी ते हसण्यावारी नेले होते. केंद्रीय पशुउद्योग विभागात डॅनियल सॅमन यांच्या हाताखाली काम करणारे वैद्य थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्यक फ्रेड किलबोर्न यांनी १८८९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळ कुंपणे घालून प्रयोगास आरंभ केला. एका कुंपणात गोचिडी असलेली दक्षिणेची गुरे, दुसऱ्यात गोचिडी हाताने वेचून काढलेली, तिसऱ्यात गुरे नाहीतच, केवळ जमिनीवर पसरलेल्या गोचिडी. आणि प्रत्येकात उत्तरेची निरोगी जनावरे.

तो पहिला उन्हाळा संपला तेव्हा गोचिडीचा संबंध दिसू लागला होता. आजच्या परिसंवादात तेवढ्यावर एक उत्तम भित्तिपत्रक झाले असते. परंतु गोचीड रोग कसा पोहोचविते, हे तेव्हा कळलेले नव्हते. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड गळून पडते, ती दुसऱ्या जनावरावर पुन्हा चढत नाही. मग रोग जातो कसा? पुढल्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत अंड्यांतून उबविलेली, कोणत्याही आजारी जनावराला कधी न शिवलेली पिले निरोगी कालवडींवर सोडली, आणि त्या कालवडी आजारी पडल्या. रोगबीज आईकडून अंड्यात उतरत होते. एवढ्यावरही न थांबता प्रयोग १८९२ पर्यंत उन्हाळ्यामागून उन्हाळे फिरून केले गेले आणि अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिपाद जीवामार्फत सस्तन प्राण्यात आदिजीवजन्य रोग पसरतो याचा तो पहिला प्रायोगिक पुरावा होय. रोनाल्ड रॉस यांचे सिकंदराबाद येथील डासांवरील काम त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये झाले. महाराष्ट्रात संकरित गाईंच्या गोठ्यात गोचीड ताप म्हणून जे ओळखले जाते, त्यातील बबेसियाचा आजार या टेक्सास ज्वराचाच भाऊबंद आहे.

तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य केले पाहिजे. स्मिथ व किलबोर्न विद्यार्थी नव्हते. त्यांना पगार होता, जमीन होती आणि गुरांच्या व्यापाराला बसणाऱ्या फटक्यामुळे सरकारचा पाठिंबा होता. तथापि मुद्दा त्यांच्या कर्तृत्वाचा नसून त्यांच्या कामाच्या सलगतेचा आहे. १८९० चा उन्हाळा १८८९ च्या उन्हाळ्याने टाकलेल्या कोड्यावर उभा होता. आजच्या कार्यक्रमात एका विद्यार्थ्याचा उन्हाळा दुसऱ्याच्या उन्हाळ्याशी क्वचितच जोडलेला असतो.

शंका घेणारा चिकित्सक

संशोधकांची संख्या हे माप बाजूला ठेवले, तर या कार्यक्रमांचा उपयोग कशात शोधावयाचा? न्यूयॉर्कमधील १९९९ च्या उन्हाळ्यात त्याचे एक उत्तर सापडते. त्या वर्षी शहरात कावळे मरत होते, आणि ऑगस्टमध्ये क्वीन्स भागातील काही वृद्ध रुग्णांना मेंदूज्वर झाला. सप्टेंबरच्या आरंभी मानवी आजाराचे निदान सेंट लुइस मेंदूज्वर असे जाहीर झाले. माणसांचा आजार आणि पक्ष्यांचे मृत्यू हे दोन स्वतंत्र प्रश्न मानले गेले होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांना हे पटेना. त्यांच्या संग्रहालयातील रोहित पक्षी मरत होते. सेंट लुइसचा विषाणू पक्ष्यांना सहसा मारत नाही. पक्ष्यांना मारणारा घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू असावा म्हणावे, तर त्याला हमखास बळी पडणारे एमू ठणठणीत होते. दोन्ही उत्तरे जुळत नाहीत, याचा अर्थ तिसरेच काही आहे, असे धरून त्यांनी नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे पाठविले. अमेरिका खंडात तोवर कधी न आढळलेला वेस्ट नाइल विषाणू त्यातून उघडकीस आला.

मॅकनामारा एखाद्या उन्हाळी कार्यक्रमातून घडल्या, असा दावा येथे नाही. त्या क्षणी त्या कोणत्या संशोधन प्रकल्पावर काम करीत होत्या असेही नाही. त्या आपले रोजचे शवविच्छेदनाचे काम करीत होत्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की जाहीर झालेल्या निदानाविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी अपवाद म्हणून बाजूला टाकला नाही. निरोगी एमू ही एक नकारात्मक नोंद होती, आणि तिनेच सारे फिरविले. ज्या विद्यार्थ्याला काहीच न आढळणे हेही फलित असते असे कोणी शिकविले आहे, तो पुढे कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवीत असला तरी त्या उन्हाळ्याचा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. पाइपलाइनच्या हिशोबात मात्र तो 'गळती' म्हणूनच नोंदला जातो.

अशी दृष्टी घडविणारे शिक्षण कोणी संशोधनाच्या नावाखाली द्यावे की निदानशास्त्राच्या, हा वाद येथे अप्रस्तुत आहे.

भारतीय संदर्भ

भारतात या प्रकारची सर्वांत जुनी व सुस्थिर योजना पशुवैद्यकात नसून मानवी वैद्यकात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या, आणि दंतवैद्यकाच्याही, विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधनवृत्ती देत आली आहे. अमेरिकी कार्यक्रमाशी तिची तुलना उद्बोधक आहे. येथे विद्यार्थी मार्गदर्शकाच्या संमतीने स्वतः प्रस्ताव पाठवितो. म्हणजे प्रश्न निदान कागदोपत्री तरी त्याचा असतो. (प्रस्ताव प्रत्यक्षात कोणी लिहिला, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावे.) शेवटी भित्तिपत्रक नव्हे, तर सविस्तर अहवाल सादर करावयाचा असतो, आणि अहवाल स्वीकारला गेल्यानंतरच प्रमाणपत्र व विद्यावेतन हाती पडते. लेखी अहवालाचा आग्रह हा या योजनेचा मोठा गुण आहे. दोन महिने स्वतःच्या खर्चाने राहू शकणाऱ्यालाच ती परवडते, हा तितकाच मोठा दोष.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी परिस्थिती निराळी आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार त्याचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता अंतर्भूत आहे. अमेरिकेसारखा सलग मोकळा उन्हाळा त्याच्या वाट्याला येत नाही. आणि येता, तरी तो उपयोगी पडला असता काय? जून ते ऑगस्ट हे अमेरिकेत गोचिडींचे, डासांचे, चराईचे दिवस आहेत. संशोधनाची सुटी आणि रोगांचा हंगाम तेथे आपोआप जुळतात. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत विद्यार्थ्याला दिसेल ती चारा-पाण्याची टंचाई आणि जनावरांवरील उष्णतेचा ताण. घटसर, फऱ्या यांची गाठ पावसाळ्यात पडते, आणि गोठ्यातील गोचिडींचा त्रासही तेव्हाच वाढतो. उलट सिंधुदुर्गात २०१६-१७ मध्ये ज्याने अनेकांना ग्रासले तो माकडताप हिवाळा संपता संपता व उन्हाळ्यात जोर धरतो. म्हणजे जनावरांची रोगराई आपल्या वेळापत्रकाने येते, विद्यापीठाच्या नाही. 'उन्हाळी' हा शब्द जसाच्या तसा उचलून येथे योजना आखली, तर पुष्कळ विद्यार्थी रोग नसलेल्या हंगामात रोगाचा अभ्यास करीत बसतील. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची घटक महाविद्यालये परळपासून उदगीरपर्यंत निरनिराळ्या हवामानांत पसरलेली आहेत. हंगाम पाहून, आंतरवासितेतील काही आठवडे संशोधनाला जोडून देण्याची सोय त्यांना करता येण्यासारखी आहे.

भित्तिपत्रकाचा मोह मात्र येथेही पुरेपूर पोहोचला आहे. राज्यपाल तथा कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून भरणाऱ्या 'आविष्कार' या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवाने महाराष्ट्रातील पदवीच्या विद्यार्थ्यांत संशोधनाची हवा निर्माण केली, हे मान्य करावयास हवे. त्यात कृषी व पशुसंवर्धनालाही स्वतंत्र गट आहे. परंतु तो महोत्सव आहे आणि स्पर्धा आहे. त्यात क्रमांक दिले जातात. ज्या प्रकल्पात काहीच आढळले नाही, असा प्रकल्प घेऊन स्पर्धेत उतरावे असे कोणता प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याला सुचवील? आणि सुचविल्यास परीक्षक त्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याला ठाऊक आहेत. क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक मिळू लागल्यानंतर तर, रंगीत पानांवर छापलेला निष्कर्ष हाच प्रकल्पाचा पुरावा ठरण्याचा धोका वाढला आहे.

यावर सुचविण्याजोगा बदल खर्चिक नाही. मूल्यमापन भित्तिपत्रकाचे न करता विद्यार्थ्याच्या नोंदवहीचे करावे. तारीखवार, खाडाखोडीसह, बसलेल्या आणि न बसलेल्या चाचण्यांसह. अर्धे गुण ती वही दुसऱ्या विद्यार्थ्याला वाचून काम पुढे नेता येते की नाही यावर ठेवावेत, आणि ते गुण मार्गदर्शकाने न देता पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या अभिप्रायावरून द्यावेत. निकाल वर्षभर लांबेल हा आक्षेप खरा आहे, आणि परीक्षा विभागाला ते रुचणार नाही. तोवर तात्पुरते गुण देण्याची सोय करता येईल.

अमेरिकेतील परिसंवाद आटोपला, की विद्यार्थी आपापल्या महाविद्यालयांत परततात आणि तिसऱ्या आठवड्यात शरीररचनाशास्त्राच्या किंवा औषधशास्त्राच्या चाचण्या सुरू होतात. गोळा केलेले नमुने उणे ८० अंशांच्या शीतपेटीत राहतात. त्यांच्यावरील चिठ्ठ्यांत आद्याक्षरे आणि तारखा असतात. पुढील जूनमध्ये येणारी विद्यार्थिनी ती पेटी उघडते तेव्हा तिला प्रथम विचारावे लागते, की 'क-२' म्हणजे कोणते जनावर, आणि ते रक्त औषध देण्यापूर्वी घेतले की नंतर. आदल्या उन्हाळ्याच्या वहीत ते लिहिलेले असेल तर तिचे तीन आठवडे वाचतात. नसेल, तर ती पेटी बंद करते आणि नव्याने नमुने गोळा करू लागते.